बाईंना दिलेलं एक खोटं उत्तर

सुलभाबाई टेंबेकर यांची नि माझी ओळख झाली ती एका चुकलेल्या वाक्यामुळे. टाउनशिपच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेपाचला एक बाई कामगारांना इंग्रजी शिकवतात, फी घेत नाहीत, असं मला कँटीनमध्ये कळलं होतं. मी वर्ध्याकडचा. आयटीआय करून भोपाळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलेला, आणि चार्जमनच्या, म्हणजे फिटरच्या वरच्या जागेच्या, खात्यांतर्गत परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात दोनदा आपटलेला. तिसरी संधी शेवटची होती. हॉलच्या दारात उभं राहून मी नाव सांगितलं आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "आय आस्क्ड टु यू फॉर लर्निंग." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वसंतराव, विचारलंत हे छान केलंत. आता तो 'टु' बाहेर चपलांजवळ ठेवा आणि आत या."

मला वसंतराव म्हणणारं भोपाळात तोवर कुणी भेटलं नव्हतं. कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये मी 'ए ढोबळे' होतो.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून आपण सारे जुने विद्यार्थी हा ग्रंथ काढतो आहोत, आणि त्यासाठी मी हा लेख चौथ्यांदा लिहायला बसलो आहे. आधीचे तीन फाडले. तिन्हींत बाईंची थोरवी होती, विनम्र अभिवादन होतं, सगळं होतं, आणि तिन्ही वाचताना मला खुर्चीत बसवेना. मी उठायचो, गॅस बंद आहे का बघायचो, गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघायचो, परत यायचो. आमच्या सौ. पुष्पा शेवटी म्हणाल्या, "लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर दळण तरी आणून टाका. या खोलीतून त्या खोलीत काय चाललंय?" त्यात ग्रंथाचे चिटणीस शकीलभाई यांचा रोज सकाळी फोन, अस्सल भोपाळीत. "को खां ढोबळे, लेख कब दे रिये हो? प्रेसवाला मेरी जान खा रिया है." शकीलभाई आमच्याच वर्गातले, माझ्याच बेंचवर काम केलेले. त्यांचा आवाज ऐकला की माझी घालमेल आणखी वाढायची. का, ते पुढे येईल. आधी बाईंच्या शिकवण्याविषयी लिहितो, कारण ते लिहिताना मला निदान खुर्चीतून उठावं लागत नाही.

बाई पुण्याच्या, एम.ए. झालेल्या. टेंबेकर साहेब आमच्या विभागाचे इंजिनियर, म्हणून त्या टाउनशिपमध्ये आल्या. साहेब लोकांच्या बायका क्लबात पत्ते खेळत त्या वेळी या बाई तेलकट डांगऱ्या घातलेल्या वीस-बावीस बाप्यांना भूतकाळ शिकवीत. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. त्यांची पद्धत एकच. वर्गात आल्यावर प्रत्येकाने उभं राहून काल स्वतः केलेल्या कामाचं एक वाक्य सांगायचं. क्रियापद काल घडलेलं, मध्ये एक छोटा शब्द, आणि शेवटी कुणीतरी माणूस. "आय वेटेड फॉर हिम. शी शाउटेड अॅट मी. आय वेंट विथ देम." बस्स, एवढंच. पण एवढ्यातच आम्ही धडाधड पडायचो.

कारण आपल्या भाषेत 'त्याला', 'तिच्यासाठी', 'त्यांच्यावर' असा सगळा संसार शब्दाच्या शेपटाला बांधलेला असतो. इंग्रजीत तो छोटा शब्द सुटा असतो, माणसाच्या आधी येऊन उभा राहतो, आणि कुठला शब्द कुठे उभा राहील याला काही न्याय नाही. ओरडलं की 'अॅट', थांबलं की 'फॉर', आणि विचारलं, सांगितलं की काहीच नाही. शिवाय मागचा माणूस 'ही' चा 'हिम' होतो आणि 'दे' चा 'देम'. आम्ही मराठी डोक्याने 'मॅरिड विथ हर' म्हणायचो, हिंदी डोक्याने 'आस्क्ड फ्रॉम हिम'. मी चिडायचो. एकदा म्हणालो, "बाई, हे सगळं कुणी ठरवलं? त्याला कारखान्यात आणून उभा करा." बाईंनी माझ्याच पेटीतला एक वॉशर मागून घेतला. म्हणाल्या, "हा दिसतो का नट आवळल्यावर? नाही ना? पण चुकीचा बसला की गळतं. हे छोटे शब्द वॉशर आहेत. 'वेटेड' ला लागतो, 'आस्क्ड' ला लागत नाही. आणि 'स्विच्ड ऑफ इट' नाही म्हणायचं, 'इट' मध्ये बसवायचं. स्विच्ड इट ऑफ. हातानेच कळेल." आणि खरोखर, काही महिन्यांनी ते आम्हाला हातानेच कळू लागलं.

दुसरी गोष्ट अशी की बाई वाक्य नुसतं बरोबर आलं म्हणून सोडत नसत. त्या विचारत, "हिम म्हणजे कोण?" आणि तो 'हिम' खरा माणूस असावा लागे. पुस्तकातला चालत नसे. त्यामुळे आमच्या घराघरांतली माणसं वर्गात येऊन बसू लागली. कुणाचा सासरा, कुणाचा घरमालक, कुणाची रुसून माहेरी गेलेली बायको. शकीलभाई तेव्हा लग्नाचे होते. त्यांनी एकदा उभं राहून मोठ्या ऐटीत सांगितलं, "आय लुक्ड आफ्टर हर." बाईंनी विचारलं, "हर कौन?" शकीलभाई लाजले. बसस्टॉपवरची, एवढंच निघालं तोंडातून. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "शकीलभाई, अभी सिर्फ़ 'अॅट' हुआ है. 'आफ़्टर' निकाह के बाद." वर्ग पाच मिनिटं हसत होता, आणि 'लुक्ड अॅट' नि 'लुक्ड आफ्टर' यांतला फरक त्या वीस जणांपैकी एकही जण आजतागायत विसरला नसेल.

बाईंच्या आपुलकीचा घरगुती अनुभव आम्हीही घेतला आहे. पुष्पा लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीचा शब्द येत नव्हता. भाजीवाल्याला भिऊन ती आठवडाभर घरात नुसतं पिठलंच करत होती. बाईंना हे माझ्या रोजच्या वाक्यांतून कळलं. पुढच्या शनिवारी त्या आमच्या क्वार्टरच्या दारात पिशवी घेऊन हजर. पुष्पाला बाजारात नेलं, आणि स्वतः एक शब्दही न बोलता शेजारी उभ्या राहिल्या. असे चार शनिवार. पाचव्या शनिवारी पुष्पा भाजीवाल्याशी इतकी भांडली, की बाईच म्हणाल्या, "अगं, आता पुरे, कोथिंबीर फुकट देतोय ना तो." हा किस्सा पुष्पाने आवर्जून घालायला सांगितला आहे. मी घातला. आणि पुन्हा एकदा गॅस बघून आलो.

आता मूळ गोष्ट. आपल्यापैकी अनेकांनी एक बोलणं ऐकलं असेल. काहींनी ते पुढेही सांगितलं असेल. शकीलभाईंवर एका वर्षी मेमो निघाला होता, आणि बाईंनी साहेबांकडे शब्द टाकून आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचा मेमो मागे घ्यायला लावला, असं ते बोलणं. टाउनशिपमध्ये ते वर्षानुवर्षं फिरलं. 'टेंबेकर साहेबांचा विभाग बाई चालवतात' असंही लोक म्हणाले. या ग्रंथात बाईंच्या सचोटीवर चार लेख येतील, तरी वाचणारा मनात म्हणेल, हो हो, पण शकीलच्या वेळी काय झालं होतं? ते काय झालं होतं ते सांगू शकणारा माणूस मी आहे. टेंबेकर साहेब आज हयात नाहीत. मी आणि बाई उरलो, आणि बाई बोलणार नाहीत.

आमच्या शॉपमध्ये एक मोठा मायक्रोमीटर होता, परदेशातून आणलेला. शाफ्टचा व्यास मोजायला तो लागे. लाकडी पेटीत ठेवायचा, आणि शिफ्ट बदलताना पेटी पुढच्या माणसाच्या हवाली करायची. रजिस्टरमध्ये देणाऱ्याने लिहायचं, 'चांगल्या स्थितीत दिला', आणि घेणाऱ्याने लिहायचं, 'चांगल्या स्थितीत घेतला'. आम्ही सगळे ती ओळ कालच्या पानावरून बघून उतरवत असू. पेटी उघडून कुणी पाहत नसे. उघडली तर समोरच्यावर संशय घेतल्यासारखं होई, आणि आमच्यात ते वाईट दिसे. सख्ख्या भावाभावांतही कुणी पाळणार नाही इतकी ही रीत आम्ही पाळत होतो.

त्या दिवशी शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना तो माझ्या हातून फरशीवर पडला. मी उचलला, पुसला, पेटीत ठेवला. रजिस्टरमध्ये रोजची ओळ लिहिली. शकीलभाई दुसऱ्या शिफ्टला आले, त्यांनी हसत पेटी घेतली आणि आपली ओळ लिहिली. संध्याकाळी वर्गात माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आय गेव्ह इट टु हिम." वाक्य निर्दोष होतं. बाईंनी विचारलं, "इट काय? हिम कोण?" मी म्हणालो, डबा, भावाला. "भाऊ वर्ध्याला असतो ना तुमचा?" "आलाय," मी म्हणालो. बाईंनी मान हलवली आणि पुढच्याला उभं केलं.

मायक्रोमीटर वाकलेला आहे हे दुसऱ्या शिफ्टमध्ये उघडकीला आलं. शेवटची सही शकीलभाईंची. टेंबेकर साहेबांनी चौकशी केली, कागद बघितले, अहवालावर सही केली. शकीलभाईंना मेमो मिळाला, आणि तो निकालात निघेपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही असं कळवण्यात आलं. मी अळीमिळी गुपचिळी. मला माझी शेवटची संधी दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शकीलभाई वर्गात आले ते मेमो खिशात घेऊन. उत्तर लिहायला बाईंची मदत हवी होती. रिवाजाप्रमाणे बाईंनी त्यांनाही उभं केलं. ते म्हणाले, "आय टुक इट फ्रॉम हिम. आय डिड नॉट ड्रॉप इट." बाईंनी विचारलं, "हिम कौन?" शकीलभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ये, अपना ढोबळे. इसने तो ठीक ही दिया होगा बाईजी. बाद में किसी ने हाथ लगाया है." बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. फळ्याकडे वळल्या.

दोन दिवस मी कामावर जाऊन काहीच धड केलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी तीन वाक्यं लिहून बाईंच्या बंगल्यावर गेलो. 'आय ड्रॉप्ड इट. आय पुट इट बॅक इन द बॉक्स. आय गेव्ह टु हिम इट.' म्हणालो, "बाई, तपासून द्या." बाईंनी पेन्सिलीने शेवटच्या वाक्यातला 'इट' उचलून जागेवर ठेवला. मग कागद मला परत दिला आणि म्हणाल्या, "मी फक्त भाषा तपासते, वसंतराव. बाकीचं वाचणारे आत बसलेत." मला त्यांनी पुढच्या दाराने, दिवाणखान्यातून आत नेलं.

साहेब पोहे खात होते. कागद वाचून त्यांनी बशी बाजूला सारली. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण आवाज ऐकू येत होता. साहेब म्हणाले, "तुझ्या शिकवणीपायी माझी सही खोटी ठरणार. वर काय तोंड दाखवू?" बाई म्हणाल्या, "सही दुसरी करता येते. तिथे एक माणूस खोटा ठरतोय." मी अंगणातल्या कुंड्या मोजत होतो आणि आकडा चुकत होता.

साहेबांनी दुसरी सही केली. त्याची किंमत त्यांना काय पडली ते मला नीट कधीच कळलं नाही. त्या वर्षी त्यांना दिल्लीच्या मुख्य कार्यालयात मोठी जागा मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. बाईंनी त्याचा उल्लेख माझ्यापाशी एकदाही केलेला नाही. मला परीक्षेला बसू दिलं नाही, पुढच्या वर्षी खास परवानगीने बसवलं. मी सगळ्यांना कावीळ झाली होती असं सांगितलं. माझं नाव फक्त फाईलमध्ये राहिलं, बाहेर आलं नाही. साहेब म्हणाले होते, "शकीलला तू स्वतः सांग. माझ्याकडून कळलं तर उद्या एका बेंचवर उभे राहू शकणार नाही तुम्ही." त्यामुळे शकीलभाईंना जो कागद मिळाला त्यात एवढंच होतं, की पुनर्विचारानंतर मेमो मागे घेण्यात येत आहे.

आठ दिवसांनी बाईंनी मला वर्गानंतर थांबवलं. "शकीलभाईंना सांगितलंत ना?"

मी म्हणालो, "हो बाई. सांगितलं."

बाईंचा चेहरा इतका उजळला की ते खोटं मागे घ्यायची माझी हिंमतच झाली नाही. त्या दिवसापासून बाई धरून चालल्या, की शकीलभाईंना सारं ठाऊक आहे आणि त्यांनी मला माफ केलं आहे. लोक सिफारशीची कुजबुज करत राहिले, तेव्हाही बाई गप्प राहिल्या, कारण खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी चार्जमन झालो, पुढे सुपरवायझर झालो, सन्मानाने निवृत्त झालो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी झाकून ठेवली होती, आणि तिच्यात बाईंचं नि शकीलभाईंचं नाव दडपलं जात होतं.

परवा तिसरा लेख फाडल्यावर मी स्कूटर काढली आणि करोंदला शकीलभाईंच्या घरी निघालो. मंडीपाशी धान्याच्या ट्रकांची रांग लागली होती. ते निमित्त करून एकदा मागे फिरलो, अर्ध्या वाटेतून पुन्हा वळलो. शकीलभाई पलंगावर ग्रंथाचे फोटो पसरून बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आओ खां, लेख लाए?" मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

त्यांनी चष्मा काढला. "गिरा किससे था?"

"मुझसे."

"और बाईजी को तुमने बोला कि शकील को बता दिया?"

"हाँ."

ते फोटो गोळा करू लागले. एकावर एक, कडा जुळवून. मग म्हणाले, "मियाँ, मेरे ससुराल में आज तक बोलते हैं, मैडम की सिफ़ारिश वाला चार्जमैन. मैं ख़ुद समझता रहा कि बाईजी ने रहम खाया मुझ पे. इसी मारे मैंने उनके घर जाना छोड़ दिया था. आँख नहीं मिलती थी."

हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की दर ईदला बाई शकीलभाईंची वाट बघायच्या. मला विचारायच्या, "शकीलभाई का येत नाहीत हो? आपलं काही चुकलं का?" आणि मी सांगायचो, गडबडीत असतील. पंचाहत्तरीच्या निमित्ताने शकीलभाईंनी हे चिटणीसपद मागून घेतलं ते का, हे मला परवा कळलं. इतक्या वर्षांनी त्या घराची पायरी चढायला त्यांना एक कारण हवं होतं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "लेख पूरा लिखो. एक लफ़्ज़ नहीं काटूँगा. बाक़ी बात मैं तुमसे बाईजी के सामने करूँगा, ईद के दिन." एरवी मला स्कूटरपर्यंत सोडायला येणारे शकीलभाई परवा दाराच्या पडद्यापाशीच थांबले. मी स्कूटर चालू करेपर्यंत पडदा खाली आला होता.

काल अरेरा कॉलनीत बाईंकडे गेलो. तोंडी सांगायचं ठरवून गेलो होतो. बाई म्हणाल्या, "वसंतराव, बरं झालं आलात, कोपऱ्यावरून एवढं औषध आणून द्या." मी औषध आणून दिलं, चहा प्यायलो, आणि तसाच परत आलो. निघताना बाई म्हणाल्या, "लेखात माझी स्तुती कमी करा हं." म्हणून हे कागदावर.

मित्रहो, बाईंची स्तुती मी कमीच केली आहे. सिफारिश झालीच नव्हती. एका स्त्रीने नवऱ्याला, घराला झळ बसेल हे माहीत असताना, एका फिटरचा कागद दिवाणखान्यातून आत नेला. एवढं आपण सगळ्यांनी आता लक्षात ठेवावं आणि जिथे जिथे उलटं बोललो असू तिथे जाऊन सांगावं.

बाई, अशा लेखाच्या शेवटी उदंड आयुष्य मागायची रीत आहे. मी ते मागतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हेही सांगतो. तुमचे गुडघे, तुमचे डोळे, तुमचा खणखणीत आवाज, सगळं ठणठणीत राहो. शंभरी गाठा. पण त्याच्या आधी येत्या ईदला घरी असा. शकीलभाई येणार आहेत, मीही येईन. ते मला काय बोलतील ते मला ठाऊक नाही. जे बोलतील ते बोलू द्या, बाई. या वेळी मला वाचवू नका.